टाचणीचा मुक्काम

माझ्या आईच्या आतड्यात टाचणी दिसली तेव्हा मला आधी आईची काळजी वाटायला हवी होती. वाटली, नाही असं नाही, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्यांदा डोळ्यांपुढे आली ती माझी भावजय अनघा आणि तिच्या शिलाई मशीनशेजारी पडलेली टाचण्यांची डबी.

श्रावणातला गुरुवार होता. माझा धाकटा भाऊ निरंजन संध्याकाळी पाचच्या सुमाराला आईला सांगलीहून मिरजेला, मी काम करते त्या रुग्णालयात घेऊन आला. आई ओटीपोटाच्या डाव्या बाजूला हात दाबून बसली होती आणि वर "काही नाही गं, वात धरलाय," असं मलाच समजावत होती. मी तिला तडक एक्स-रेच्या खोलीत नेलं. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावर एक सरळ पांढरी रेघ दिसत होती आणि तिच्या एका टोकाला बारीक गाठ. ती टाचणी आहे हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

अनघा घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते, ब्लाउज शिवते. आई तिच्या हातचं जेवते. मला आणखी काय पुरावा हवा होता?

संशय हा माझा जुना गुण आहे. शेजारीण हसून बोलली तरी हिला काय हवंय असा प्रश्न मला पडतो. नवऱ्यानं आपणहून भांडी घासली की मी दिवसभर कारण शोधते. घरात या स्वभावाची चेष्टा होते, पण कामावर मात्र त्याचं कौतुकच झालंय. सोळा वर्षं मी पोटविकार विभागात तंत्रज्ञ आहे आणि गेली तीन वर्षं गांडूळ चालवते.

कागदोपत्री त्या यंत्राचं नाव चांगलं ओळभर लांब आहे, पण आम्ही सगळे त्याला गांडूळच म्हणतो. मऊ सिलिकोनचं, करंगळीएवढं जाड आणि वीतभर लांब. त्याच्या अंगावर कडी असतात. एक कडं हवेनं फुगतं, पुढचं आकसतं, आणि ते आपलं आपण खालच्या वाटेनं आतड्यात सरकत जातं. दुर्बिणीची नळी आत ढकलावी लागायची, तशी ढकलाढकली नाही. भूल नाही, टाके नाहीत. रुग्ण जागा असतो आणि हवं तर पडद्यावर स्वतःचं आतडं बघत पडतो. टोकदार वस्तू काढायची तर एक पथ्य फार जपावं लागतं. रुतलेलं टोक आधी मागे सरकवून सोडवायचं, मग वस्तू बोथट बाजूनं धरायची, म्हणजे बाहेर येताना टोक मागे राहतं. टोक पुढे असेल तर ते आतड्याला भोक पाडतं, मागे असेल तर नुसतं फरफटत येतं. गांडुळाच्या तोंडाशी एक मऊ झालर असते, ती वस्तूवर ओढली की काम फत्ते. पूर्वी अशा कित्येकांची पोटं फाडावी लागत. आता माणूस सकाळी येतो आणि दुपारी चहा पिऊन घरी जातो.

पण गांडुळाचा खरा दरारा आहे तो वेगळ्याच कारणानं. ते वस्तूचा मुक्काम सांगतं.

आतड्यात अडकलेल्या कुठल्याही वस्तूवर जंतूंचा बुळबुळीत थर चढतो. माणूस जेवला की जंतूंची चंगळ होते आणि फिकट, जाडसर थर बसतो. रात्री पोट रिकामं झालं की जंतू उपाशी पडतात, सुस्तावतात आणि एक काळी रेघ उमटते. एक रेघ म्हणजे एक रात्र. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजून वय काढतात, तसंच हे. वस्तू बाहेर आली की गांडूळ तिच्यावरच्या रेघा मोजतं, सगळ्यात आतल्या थरात कोणतं अन्न होतं ते ओळखतं, आणि वस्तू कोणत्या दिवशी, कशाबरोबर पोटात गेली ते छापून देतं. या कागदाला आम्ही मुक्काम अहवाल म्हणतो. कोर्ट तो मानतं.

लोक पोटाबद्दल किती खोटं बोलतात हे मला गांडुळानं शिकवलं. एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. कवळीचा तुकडा कालच गिळला म्हणाले. अहवालात निघाले एकेचाळीस दिवस. सुनेला खर्चात पाडायला नको म्हणून ते एकेचाळीस दिवस वरण-भात चावल्याचं नाटक करत होते. एका नव्या नवरीच्या पोटातून अंगठी निघाली. ती म्हणत होती लाडवातून चुकून गेली, आणि आतल्या थरात अन्नाचा कणसुद्धा नव्हता, नुसतं पाणी. माणसं खोटं बोलतात, यंत्र बोलत नाही, हे वाक्य मी शिकाऊ मुलींना पहिल्याच दिवशी पाठ करायला लावते.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी आईला टेबलावर घेतलं. नात्यातल्या रुग्णाचं यंत्र आपण चालवू नये असा नियम आहे, पण दुसरी तंत्रज्ञ बाळंतपणाच्या रजेवर होती. आमच्या विभागप्रमुख डॉ. रुबिना मुजावर माझ्या मागे उभ्या राहिल्या.

"हे जनावर आत घालणार होय?" आईनं विचारलं.

"जनावर नाही, रबर आहे."

"वळवळतंय की!"

"आई, गप्प पड आणि श्वास घे."

बावीस मिनिटं लागली. टाचणीचं टोक आतड्याच्या घडीत रुतलं होतं आणि आजूबाजूचा भाग लालबुंद झाला होता. आणखी दोन दिवस गेले असते तर आतडं फाटलं असतं आणि विष अंगभर पसरलं असतं. मी इतक्या वर्षांत इतक्या वस्तू काढल्या, पण त्या दिवशी यंत्राची कळ मी केसभर केसभर सरकवत होते. टोक सुटलं तेव्हा आई "स्स" म्हणाली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. टाचणी झालरीत आली, बाहेर आली, आणि तिच्याबरोबर माझा रागही बाहेर आला.

पाच मिनिटांनी अहवाल छापून आला. सहा रेघा. सर्वांत आतला थर दूध, गूळ आणि वेलदोड्याचा. प्रवेशाचा दिवस, गेला शनिवार.

अहवालाच्या खाली तंत्रज्ञानं भरायचा एक रकाना असतो, संभाव्य कारण. त्यात तीन पर्याय. अपघात, स्वतःहून, संशयास्पद. वस्तू टोकदार, रुग्ण साठीच्या पुढचा आणि शेरा संशयास्पद असं जुळून आलं की डॉक्टरांच्या सहीनं अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पोलिसांकडे जातो. घरातल्या म्हाताऱ्यांचे हाल होऊ लागले म्हणून दोन वर्षांपूर्वी हा कायदा झाला. मी संशयास्पदवर खूण केली.

डॉ. मुजावरांनी कागद हातात घेतला, पण सही केली नाही.

"हेमांगी, तू काल संध्याकाळीच ठरवून बसली होतीस. यंत्र तर आज सकाळी चाललं."

"मॅडम, रेघा मी काढल्या नाहीत."

"रेघांबद्दल नाही म्हणत मी. मला उद्या दुपारी बारापर्यंत वेळ आहे. तोवर हा कागद माझ्याकडे राहू दे."

मला वाटलं, बाई घाबरतायत, कुणाच्या घरातलं लचांड आपल्या गळ्यात नको म्हणून. मी बाहेर आले.

बाहेर बाकावर निरंजन आणि अनघा बसले होते. अनघानं डबा आणला होता. मला बघताच ती उठून उभी राहिली. ती नेहमीच उठून उभी राहते, आणि मला ते नेहमीच नाटकी वाटत आलंय. चौदा वर्षांत ती माझ्याशी कधी भांडली नाही. न भांडणाऱ्या माणसाच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही, आणि कोणतंही यंत्र ते सांगत नाही.

"आईंना बरं वाटतंय का ताई?"

"शनिवारी आईला काय वाढलंस?"

ती थोडी गोंधळली. मग आठवून म्हणाली, "पोळी, भोपळ्याची भाजी, वरण-भात... आणि खीर केली होती. गव्हल्यांची."

"गूळ घालून?"

"होय. आईंना साखरेची आवडत नाही."

"वेलदोडा?"

"होय की. का हो?"

मी तिच्यासमोर टाचणीचा फोटो धरला. "ही त्या खिरीतून गेली. सहा दिवसांपूर्वी. तुझ्या हातची खीर, तुझ्या घरची टाचणी."

तिनं निरंजनकडे पाहिलं. तो फोटोकडे बघत होता.

"मला काहीच ठाऊक नाही ताई. माझा शिलाईचा पसारा पुढच्या खोलीत असतो. स्वयंपाकघरात मी सुईसुद्धा नेत नाही."

"मग टाचणी चालत गेली?"

"ताई, हळू बोल," निरंजन म्हणाला. पण त्याचाही आवाज बदलला होता. "अनघा, नीट आठव. चुकून पदराला लावलेली पडली असेल."

"पदराला टाचणी नव्हती."

"चुकून म्हणतोय तो," मी म्हणाले. "चुकून की मुद्दाम, हे पोलीस बघतील."

आता आठवलं की लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरं वाटलं. आई निरंजनकडे राहते आणि मी महिन्यातून एखाद्या रविवारी तिला माझ्याकडे आणते, हा सल कित्येक वर्षं माझ्या मनात होता. आई फोनवर सारखी "अनघा म्हणाली", "अनघानं सांगितलं" म्हणायची तेव्हा मला जेवण गोड लागत नसे. आज कागदावर सिद्ध झालं होतं की माझं खरं होतं.

संध्याकाळी निरंजननं अनघाला तिच्या माहेरी तासगावला पाठवून दिलं. मला फोन करून म्हणाला, "ताई, आई घरी आल्यावर ती समोर नको. पुढचं बघू." मी म्हटलं, शहाणपणा केलास. मग तो वॉर्डात आला आणि आईलाही त्यानं सगळं सांगितलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. आईनं ऐकून घेतलं, कूस बदलली आणि चादर गळ्यापर्यंत ओढली. सुनेनं घातलेला घाव तिला लागला असणार, असं मी समजले आणि तिचे पाय चेपत बसले.

शनिवारी सकाळी नऊला वॉर्डात नाश्ता आला. मऊ उपमा आणि दूध. आईनं ताट बाजूला सारलं.

"काल संध्याकाळी तर खिचडी खाल्लीस चांगली. आज काय झालं?"

"आज नको."

"दुखतंय का?"

"दुखत नाही. आज नाही खायचं मला. उद्या खाईन."

"उद्या? आई, तुझ्या आतड्याला भोक पडता पडता राहिलंय. थोडंथोडं खायलाच पाहिजे."

आईनं माझ्याकडे चोरट्या नजरेनं बघितलं. लहानपणी मी ज्या नजरेनं प्रगतिपुस्तक पुढे करत असे, तीच ही नजर.

"माझं धारणं आहे आज," ती म्हणाली. "कालचं पारणं झालं."

धारणं-पारणं! एक दिवस कडकडीत उपास, दुसऱ्या दिवशी जेवण, पुन्हा उपास. श्रावणभर हे चालतं. गेल्या वर्षी असल्याच कुठल्याशा व्रतापायी ती देवघरात चक्कर येऊन पडली होती आणि मी तिला माझ्या गळ्याची शपथ घातली होती, पुन्हा उपास म्हणून करायचा नाही.

"कधीपासून चाललंय हे?"

"श्रावण लागल्यापासून."

"आणि अनघाला माहीत होतं?"

"तिच्याशिवाय कसं जमेल? पारण्याचा स्वयंपाक कोण करणार? तिला मीच बजावलं होतं, ताईच्या कानावर घालायचं नाही. गोळ्या तीच वेळेवर द्यायची, लिंबू-पाणी द्यायची. तुला सांगितलं असतं तर तू रात्रीतून सांगलीला आली असतीस."

माझ्या डोक्यात आधी नेहमीप्रमाणे रागच चढला. मला अंधारात ठेवून दोघी! आणि मग अर्ध्यावरच तो राग थांबला, कारण मला रेघा दिसायला लागल्या.

मी डॉ. मुजावरांच्या खोलीत जवळजवळ पळतच गेले. त्यांना धारणं-पारणं म्हणजे काय ते सांगितलं. त्या चष्मा काढून ऐकत राहिल्या.

"म्हणजे एका जेवणाच्या दिवसापासून दुसऱ्या जेवणाच्या दिवसापर्यंत मध्ये दोन रात्री आणि एक पूर्ण दिवस पोटात पाण्याशिवाय काही नाही."

"हो. आणि रेघ एकच."

"एकच," त्या म्हणाल्या. "जंतू सुस्तावले की रेघ उमटते. दहा तास सुस्तावले की छत्तीस, ते रेघेवरून कळत नाही. यंत्र आपलं एक रेघ म्हणजे एक रात्र धरून चालतं. रोज जेवणाऱ्या माणसांवर ते बेतलंय. रमजानसाठी त्यात वेगळी सोय आहे, कंपनीच्या लोकांना मीच ती करायला लावली होती. तुमच्या या व्रताचं त्यांना कुणी सांगितलंच नसणार. पण अर्जात उपवासाचा प्रश्न असतो ना? तिथं काय लिहिलं होतंस?"

प्रत्येक रुग्णाला तो प्रश्न मी स्वतः विचारते. नियमित उपवास करता का, कोणता, किती दिवस. आईला मी विचारलाच नव्हता. माझी शपथ होती ना! मीच "नाही" लिहून मोकळी झाले होते.

सहा रेघा, म्हणजे बारा दिवस. शुक्रवारच्या मागे बारा दिवस मोजायला मला कॅलेंडर लागलं नाही. तो रविवार होता आणि त्या रविवारी आई माझ्या घरी होती.

मी खुर्चीत बसले. मला तो रविवार पदार्थांसकट आठवत होता. श्रावणातला रविवार म्हणून मी हौसेनं केळीची पानं आणली होती. खिरीसाठी द्रोण हवेत म्हणून पानाचेच द्रोण वळले होते. आमच्या लहानपणी द्रोण टोचायला काड्या असायच्या. माझ्याकडे काड्या नव्हत्या आणि असत्या तरी मला ते जमलं नसतं. मी टाचण्या लावल्या. एका द्रोणाला तीन. ती टाचण्यांची डबी अनघानंच मला दिवाळीत दिली होती, साडी नेसताना लागते म्हणून. दुधाची खीर, गूळ, वेलदोडे. आईनं दोन द्रोण खाल्ले होते आणि मला अगदी धन्य वाटलं होतं. जेवणं झाल्यावर मी पानं गुंडाळली आणि कचऱ्यात टाकली.

ऑपरेशन थिएटरात मदतीला गेले की मी प्रत्येक सुई मोजून देते आणि मोजून परत घेते. एक कमी पडली तर सगळ्यांना जागच्या जागी उभं करते. माझ्या स्वयंपाकघरात मी एकही टाचणी मोजली नव्हती.

वॉर्डात परत आले तेव्हा आई पाठमोरी पडली होती.

"आई, माझ्याकडच्या खिरीत तुला काही लागलं होतं?"

तिनं चादरीची कड बोटांत धरली. मग म्हणाली, "कवळीमुळं तोंडात काही कळलं नाही. घशात टोचलं तेव्हा कळलं. वरून पाणी प्यायले, गेली खाली. मला वाटलं द्रोणाची काडी असेल."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तू किती हौसेनं केलं होतंस गं. दारात रांगोळी काय, केळीचं पान काय. जन्मात तुला स्वयंपाकाची आवड नाही, आणि त्या दिवशी मला वाढताना तुझा चेहरा बघण्यासारखा होता. घशात काही टोचलं म्हणाले असते, तर तू परत कधी बोलावलं नसतंस."

"आणि काल? निरंजननं काल सगळं सांगितलं तेव्हा तुला कळलं होतं ना, की ती टाचणी कुठली?"

"कळलं होतं."

"अनघाला घराबाहेर काढलं, आई!"

"चार दिवसांनी सगळे शांत झाले असते," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "अनघा काही मनात धरत नाही. तू धरतेस."

मला आईचा भयंकर राग आला. इतका, की मी खाटेची कड घट्ट धरली. सत्तरीची बाई, देवासाठी दिवसाआड उपाशी राहणारी, आणि जी तिच्या वेळच्या वेळी गोळ्या देत होती तिच्यावर खुनाचा आळ येऊ देते, का, तर लेकीला वाईट वाटू नये! पण राग ओरडून दाखवायला तोंड नव्हतं. आईनं फक्त गप्प राहण्याचा गुन्हा केला होता. बोलण्याचं सगळं काम मी केलं होतं.

"हेमा," आई म्हणाली, "पोलिसांचं नाव नको आता. कागद फाडून टाक, म्हणजे मिटलं."

"कागद फाडून मिटत नाही. माझं नाव घालून मिटतं."

साडेअकराला मी यंत्रासमोर बसले. उपवासाच्या रकान्यात "दिवसाआड, कडक" असं भरलं. दिवस बारा झाले. प्रवेशाचं ठिकाण म्हणून माझ्या घराचा पत्ता घातला, अन्न देणाऱ्या व्यक्तीत माझं नाव लिहिलं, उरलेले रकाने भरले आणि सही केली. डॉ. मुजावरांनी वाचलं आणि खाली सही ठोकली. नातेवाइकाचं यंत्र चालवल्याबद्दल आणि अर्जात खोटी माहिती भरल्याबद्दल माझी खात्याची चौकशी होईल, असं त्यांनी जाताजाता सांगितलं. मी म्हटलं, होऊ दे.

निरंजनला फोन केला. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "आता मी तिला काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, "आधी मी दाखवून येते, मग तू ठरव."

तासगावला अनघाच्या माहेरी पोचायला मला दोन वाजले. तिचे वडील अंगणात द्राक्षाच्या रोपांना कलमाच्या पट्ट्या बांधत होते. त्यांनी मला "या" म्हटलं नाही, नुसतं दाराकडे बोट केलं. अनघा आतल्या खोलीत खाली सतरंजीवर बसली होती. मी आत गेले आणि पहिल्यांदाच ती उठून उभी राहिली नाही.

मी दाराशीच उभी राहून सगळं सांगितलं. धारणं-पारणं, सहा रेघा, बारा दिवस, केळीचे द्रोण, टाचण्या, आईचं गप्प बसणं. काहीही गाळलं नाही. ती ऐकत होती. धारण्या-पारण्याचं नाव निघालं तेव्हा तिनं डोळे मिटले.

"मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. "काल तुम्ही खिरीत काय घातलं तेवढंच विचारलंत."

"चुकलं माझं. फार मोठी चूक झाली. तुझी माफी मागायला आलेय, आणि ही नुसती तोंडदेखली माफी नाही. बघ, मी अहवालात माझं नाव घातलंय. सहीसुद्धा झाली."

मी फोन तिच्या हातात दिला. मला वाटत होतं की तो कागद बघून तरी तिला पटेल. ती सावकाश वाचत गेली. पत्ता, नाव, दिवस. बोटानं खाली सरकवत शेवटपर्यंत गेली आणि तिथं थांबली.

"ताई, इथं कारण अपघात लिहिलंय."

"अं?"

"संभाव्य कारण, अपघात."

मी फोन घेऊन पाहिलं. मीच भरलं होतं. भरताना माझा हात क्षणभरही अडखळला नव्हता. मला त्या रकान्यात दुसरं काही असू शकतं हे सुचलंसुद्धा नव्हतं.

"काल हाच रकाना होता ना?" अनघानं विचारलं. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तीच टाचणी, तीच खीर, त्याच आई. मी वाढली तेव्हा संशयास्पद. तुम्ही वाढली तेव्हा अपघात."

"मी बदलते. आत्ता बदलते."

"बदलू नका. अपघातच होता तो. तुम्ही आईंना मुद्दाम टाचणी घालाल असं मला स्वप्नातही वाटणार नाही." तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. "मला फक्त एवढं सांगा, माझ्या बाबतीत तुम्हाला ते का वाटलं?"

तिची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तुझ्याकडे टाचण्या असतात म्हणून, यंत्रानं सांगितलं म्हणून, आईची काळजी होती म्हणून, अशी तीन-चार उत्तरं माझ्या जिभेवर आली. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"कारण ती तू होतीस," मी म्हटलं. "तुझ्याऐवजी दुसरं कुणी असतं तर मी आधी उपवासाचं विचारलं असतं."

अनघानं मान हलवली. उत्तर तिला ठाऊक होतं, चौदा वर्षं ठाऊक होतं. ते माझ्या तोंडून ऐकायचं तेवढं राहिलं होतं. तिनं डोळे पुसले आणि दारातल्या आपल्या आईकडे वळून म्हणाली, "आई, ताईंना चहा टाक."

मी सतरंजीच्या कडेला टेकले.

"चहा घेऊन जा," अनघा म्हणाली. "मी आज येत नाही. उद्या आईंचं पारणं आहे. भात मऊ लागतो, गोळी जेवणाआधी अर्धा तास. तुम्ही करा."

"आणि परवा?"

"परवाचं मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि चहासाठी कप विसळायला आत निघून गेली.